दान उपचाराला, आणि प्रश्नालाही

(नाशिक येथे गोदाकाठच्या व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



आजचे पुष्प ज्यांच्या स्मृतीला वाहिले आहे, त्यांच्या कुटुंबाने त्यांच्या निधनानंतर नेत्रदान केले. त्यांनी मागे ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून हे व्याख्यान दरवर्षी होते. एकाच माणसाकडून समाजाला दोन प्रकारचे दान मिळाले. डोळे लगेच कोणाच्या तरी उपयोगी पडले. ठेव मात्र विचारासाठी दिली गेली, आणि तिचे फळ कोणाला, केव्हा मिळेल हे देणाऱ्याला ठाऊक नव्हते. मला आज या दुसऱ्या प्रकारच्या दानाविषयी बोलायचे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. नाशिक जिल्हा डोळ्यांच्या शिबिरांना, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांना, चष्मेवाटपाला सढळ हाताने देतो. त्याच नाशिकने आता डोळ्यांच्या आजारांवर पीएचडी करणाऱ्या तरुण संशोधकांसाठीही कायमचा निधी उभा करावा. हे संशोधन रुग्णालय, विद्यापीठ आणि प्रयोगशाळा यांनी मिळून करायचे असावे, आणि त्याचा विषय आपल्या माणसांचे डोळे हा असावा.

आपल्या मातीतला प्रश्न

देशात 2015 ते 2019 या काळात अंधत्वाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू निघाले, सुमारे 66 टक्के. त्यावरचा उपाय आपल्याला माहीत आहे आणि तो गावोगाव पोहोचवणे एवढेच काम आहे. पण पन्नाशीच्या आतल्यांमध्ये पहिले कारण मोतीबिंदू नव्हते. तिथे बुबुळावर पडलेला पांढरा डाग, ज्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात, तो पहिल्या क्रमांकावर होता. म्हणजे कमावत्या वयाचा, घर चालवणारा माणूस ज्याने आंधळा होतो, त्या आजारावरचे आपले उत्तर अजून अपुरे आहे.

हे फूल पडते कसे? द्राक्षबागेत छाटणीच्या दिवसांत काडी डोळ्याला लागते. इगतपुरी, पेठ, सुरगाण्यात भाताच्या कापणी-मळणीत तूस उडून डोळ्यात जाते. उसाचे पाचट लागते. बुबुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याच्या पारदर्शक भागात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते काचेसारखे स्वच्छ राहते. पण त्याच कारणाने त्याच्यावरच्या जखमेशी लढायला शरीराची कुमक उशिरा पोहोचते. काडीबरोबर मातीतली बुरशी आत गेली, तर काही दिवसांत व्रण तयार होतो. मजूर हजेरी बुडू नये म्हणून थांबतो. कोणी डोळ्यात मध घालतो, कोणी एरंडेल, कोणी पाल्याचा रस. मग मेडिकल दुकानातून थेंबांची बाटली येते. त्या थेंबांत स्टेरॉइड असले आणि व्रण बुरशीचा असला, तर लाली उतरते, आराम पडल्यासारखे वाटते आणि आत बुरशी बुबुळ पोखरत राहते. रुग्ण आमच्यापर्यंत येतो तेव्हा डोळा वाचवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. नेत्ररोगतज्ज्ञ म्हणून या जिल्ह्यात काम करताना हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याची सवय होऊ नये यासाठी मनाला जपावे लागते.

आता प्रश्न विचारू या. दिंडोरी-निफाडच्या बागांत काम करणाऱ्या मजुरांच्या बुबुळात कोणत्या जातीची बुरशी वाढते? बागेवर वर्षभर बुरशीनाशकांची फवारणी होते. त्या मातीतल्या बुरशीवर आपली औषधे अजून पूर्वीइतकीच चालतात का? प्राथमिक आरोग्य केंद्रात व्रण ओळखण्याची सोपी रीत कोणती? आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. तो डोळ्यांच्या पडद्याचे किती नुकसान करतो? याची उत्तरे लंडन-न्यूयॉर्कच्या पुस्तकांत सापडणार नाहीत, कारण तिथे आपल्या द्राक्षबागेतल्या मजुराचा डोळा कोणी तपासलेला नाही. ती इथेच शोधावी लागतील, आणि शोधायला कोणाला तरी चार वर्षे पूर्णवेळ द्यावी लागतील.

उत्तर कसे सापडते

दक्षिणेतले एक उदाहरण घ्या. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर 1976 साली 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. सेवेच्या बरोबरीने तिथे तपासणीची नोंद ठेवण्याची शिस्त होती. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात 434 रुग्णांचे व्रण खरवडून तपासले गेले. प्रयोगशाळेत ज्यांच्या व्रणातले जंतू वाढले, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत बुरशी निघाली. श्रीमंत देशांच्या पाठ्यपुस्तकांत बुरशीचा व्रण म्हणजे अपवाद, आणि इथे तो रोजचा. मग प्रश्न आला की औषध कोणते द्यायचे, जुने नाटामायसिन की नवे, महागडे व्होरिकोनाझोल. बऱ्याच डॉक्टरांचा कल नव्याकडे होता. अरविंद आणि कॅलिफोर्नियातल्या प्रॉक्टर फाउंडेशनने मिळून चाचणी घेतली. रुग्ण धर्मादाय रुग्णालयाचे होते, अनुदान अमेरिकी सरकारच्या नेत्रसंस्थेचे होते. 2013 साली निष्कर्ष आला की नाटामायसिन सरस, आणि फ्युजेरियम या बुरशीवर तर विशेष सरस. गरीब रुग्णाला महाग औषध परवडत नाही म्हणून स्वस्त दिले, असे आता कोणाला खंतावून म्हणावे लागत नाही. जे चांगले तेच त्याला मिळते, आणि हे आपल्याला नक्की माहीत आहे.

दुसरे उदाहरण नेपाळचे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. भक्तपूरमध्ये गावातल्या स्वयंसेवकांनी बुबुळाला खरचटलेल्या लोकांना लगेच प्रतिजैविक मलम दिले. 442 जणांना मलम दिले, त्यांतले 96 टक्के व्रण न होता बरे झाले. 18 तासांच्या आत आलेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. 2001 साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा सर्वांना आनंद झाला. पण मलम न दिलेल्या गावांशी तुलना त्यात नव्हती. म्हणून पुढे नेपाळमध्येच गावांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली गेली आणि काही वर्षे मोठी चाचणी चालली. 2022 साली तिचा निष्कर्ष आला: योजना राबवलेल्या आणि न राबवलेल्या गावांत व्रणांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ऐकायला हे निराशाजनक वाटते. मला मात्र त्यात संशोधनाचा खरा प्रामाणिकपणा दिसतो. हे कळले नसते तर चांगल्या हेतूने आपण देशभर त्या योजनेवर पैसा ओतला असता. आता पुढच्या संशोधकाला नेमके कळते की कुठे शोधायचे: लोक स्वयंसेवकाकडे का येत नाहीत, बुरशीच्या जखमांचे काय करायचे, डोळ्याला इजा होऊच नये यासाठी काय करता येईल.

महाराष्ट्रातही असे झाले आहे. पुण्यातल्या पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी, लंडनच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची तुलना केली. 2003 साली त्यांनी दाखवले की छोट्या छेदाची, टाका न घालता होणारी पद्धत जुन्या टाक्याच्या पद्धतीइतकीच सुरक्षित आहे आणि चष्म्याविना दिसणारी नजर तिच्यात अधिक चांगली येते. 2005 साली हीच पद्धत महागड्या फेको यंत्राच्या शस्त्रक्रियेशी ताडून पाहिली. सहा आठवड्यांनंतरचे निकाल तुल्यबळ होते. खर्च मोजला तेव्हा फेकोला दर शस्त्रक्रियेमागे सुमारे 42 डॉलर, छोट्या छेदाला 15 डॉलर. धर्मादाय रुग्णालयात झालेल्या या मोजणीमुळे शिबिरांत शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आपण रुग्णाला दुय्यम उपचार देतो आहोत या शंकेतून मुक्त झाला. हजारो शस्त्रक्रियांना पैसा दिला असता तरी ही शंका फिटली नसती. त्यासाठी कोणाला तरी काटेकोर मोजावेच लागले.

आणखी एक गोष्ट नव्या आईबापांसाठी सांगतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या आजारात प्राणवायूचा हात आहे, हे लंडनच्या नॉर्मन अॅश्टन यांनी 1950च्या दशकात प्रयोगांनी उलगडले. याच अॅश्टन यांनी 1965 साली 'फाइट फॉर साइट' ही धर्मादाय संस्था काढली, आणि ब्रिटनमध्ये डोळ्यांवर पीएचडी करणाऱ्यांना ती शिष्यवृत्ती देत आली आहे. पण या आजारासाठी अमेरिकेत दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाची बाळे तपासण्याचा दंडक होता. आपल्याकडच्या अभ्यासांतून दिसले की इथे त्याहून वजनदार बाळांनाही हा आजार होतो. म्हणून आपला दंडक दोन किलोंच्या आतले किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ, आणि तपासणी जन्मापासून महिनाभरात. परदेशी दंडक तसाच उचलला असता तर दीड आणि दोन किलोंमधली आपली कितीतरी मुले तपासणीतून निसटली असती. आपल्या घरात असे बाळ असेल तर जन्मापासून महिनाभरात तपासणी करून घ्या, हे मी या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो.

देण्याची आपली परंपरा

संशोधनाला दान देणे ही परदेशातून आणलेली कल्पना नाही. जमशेटजी टाटांनी 1892 साली उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्यातून परदेशी गेलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री डॉक्टर होत्या. कमला सोहोनी केंब्रिजला गेल्या त्या मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर. त्यांतली एक सर मंगळदास नथुभाई यांच्या नावाची. कमलाबाईंनी 1939 साली पीएचडी मिळवली आणि विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. मंगळदासांच्या मनात देणगी देताना कमलाबाईंनी पुढे अभ्यासलेले, वनस्पतींच्या पेशीतले सायटोक्रोम हे प्रथिन नक्कीच नव्हते. त्यांनी पैसा दिला, प्रश्न निवडायचे काम पुढच्या पिढीवर सोडले.

सर्वांत हृद्य उदाहरण लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचे. मेहेरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियाने गेल्या. त्या काळी या आजारावर उपाय नव्हता. सर दोराबजींनी 1932 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या नावाने न्यास केला आणि जगभरातल्या ल्युकेमियाच्या संशोधकांना मदत ठरवून दिली. काही आठवड्यांनी, जूनमध्ये, ते स्वतःही गेले. त्यांना त्यातून काहीच परत मिळणार नव्हते. न्यास आजही संशोधकांना शिष्यवृत्ती देतो.

डोळ्यांच्या बाबतीत हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान पाहा. चित्रपट निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी एक कोटी रुपये आणि पाच एकर जमीन दिली आणि 1987 साली डॉ. गुल्लापल्ली राव यांनी संस्था उभी केली. 1998 साली पेशीविज्ञानाच्या मोठ्या सरकारी प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ डी. बालसुब्रमण्यन तिथे संशोधन संचालक म्हणून आले. रुग्णालयाच्या आवारात शास्त्रज्ञ आणि पीएचडीचे विद्यार्थी काम करू लागले. पोर्तुगालच्या शाम्पालिमो प्रतिष्ठानने 2007 साली तिथल्या संशोधन केंद्राला हात दिला. 2012 साली डॉ. विरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब फुटून डोळा भाजतो, हे आपल्याकडे लहान मुलांच्या बाबतीतही घडते. अशा डोळ्याच्या कडेच्या मूळपेशी जळून जातात. या पद्धतीत चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी लहान तुकडा घेऊन त्याचे कण जखमी डोळ्यावर पसरवतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचा भारी खर्च वाचतो. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ एका छताखाली वर्षानुवर्षे बसले नसते तर ही युक्ती सुचली नसती.

आणि नाशिकचे काय? इथे सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. मराठा विद्या प्रसारक समाज 1914 साली उभा राहिला तो बहुजनांच्या वर्गणीवर, शेतकऱ्यांच्या घामाच्या पैशावर. द्राक्ष बागायतदारांनी राज्यभराचा संघ काढला, स्वतःचा संशोधन विभाग चालवला, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी नाते जोडले. खुंट कोणता लावायचा, संजीवकाची मात्रा किती, केवडा कसा रोखायचा, यासाठी आपण पदरचे पैसे खर्चून शास्त्रज्ञ बोलावतो. वेलीच्या रोगासाठी हे करणारा जिल्हा वेल छाटणाऱ्याच्या डोळ्यासाठीही करू शकतो.

तिघांचे काम

असे संशोधन एकट्याने होत नाही. रुग्ण रुग्णालयात असतो, बुरशी ओळखणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत, आकड्यांचा अर्थ लावणारा संख्याशास्त्रज्ञ विद्यापीठात. पीएचडीचा विद्यार्थी या तिघांच्या दारांत जातो, तिघांची भाषा शिकतो. त्याला एक मार्गदर्शक डॉक्टर आणि एक शास्त्रज्ञ असावा. आपल्याकडे त्यासाठी जागा आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्या गावात, म्हसरूळला आहे. वैद्यकीय महाविद्यालये आहेत, धर्मादाय नेत्र रुग्णालये आहेत, आणि पुण्याच्या प्रयोगशाळा चार-पाच तासांच्या अंतरावर. नाही ते एवढेच: चार वर्षांची शाश्वती देणारा पैसा.

कोणी म्हणेल, आधी आंधळ्याला दृष्टी द्या, मग संशोधन करा. माणुसकीतून आलेला हा आक्षेप मी मान खाली घालून ऐकतो. शिबिरांचा एक रुपयाही कमी करू नका, असेच मी म्हणेन. पण बुरशीच्या व्रणाने डोळा गेलेल्या तिशीतल्या मजुराला शिबिर काय देते? तो प्रश्न सुटेपर्यंत आपण दरवर्षी नवे आंधळे मोजत राहू. दुसरा आक्षेप, हे सरकारचे काम. सरकार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागामार्फत देतेही. पण दिंडोरीच्या बागेतला छोटा प्रश्न, अनोळखी विद्यार्थी, चार वर्षांनी "फरक आढळला नाही" असेही उत्तर येण्याची शक्यता, एवढी जोखीम स्थानिक धर्मादाय पैसाच घेऊ शकतो.

एक कोटीचा हिशेब

सरकारी नियमाप्रमाणे 2023 पासून कनिष्ठ संशोधकाला महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर 42,000 रुपये मिळतात. चार वर्षांचे 18 लाख 96 हजार होतात. घरभाडे भत्ता, रसायने, गावोगावचा प्रवास धरून एका विद्यार्थ्याला 28 लाखांच्या आसपास लागतील असा माझा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सात लाख. सात टक्के व्याजाने एक कोटीची ठेव तेवढे देते. एक कोटीतून एक संशोधक, चार वर्षांनी दुसरा, मग तिसरा, पिढ्यान्‌पिढ्या. सातपूर-अंबडच्या मोठ्या कंपन्यांना कायद्याने सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, आणि सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतल्या वैद्यकीय संशोधनाला दिलेली देणगी त्यात धरली जाते.

या निधीला काही अटी हव्यात. प्रश्न निवडताना नेत्रतज्ज्ञ, शास्त्रज्ञ आणि गावात काम करणारे आरोग्य कार्यकर्ते एकत्र बसावेत. निष्कर्ष काय निघावा यात दात्याचा शब्द नसावा, आणि दात्याला नको असलेला निष्कर्षही छापला जावा. विद्यावेतन दर महिन्याला वेळेवर मिळावे, कारण अडकलेल्या विद्यावेतनामुळे किती तरुण मधेच संशोधन सोडून जातात हे मी पाहिले आहे. रुग्णाची संमती त्याला समजेल अशा बोलीत घ्यावी, मग ती मराठी असो वा कोकणा. आणि अभ्यास संपल्यावर निष्कर्ष आधी त्या गावात जाऊन सांगावा, नंतर परिषदेत.

माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या घरात कोणाच्या स्मृतीसाठी काही करायचे मनात असेल, तर ठेवीचा काही भाग या कामासाठी ठेवा. बागायतदार मित्रांनो, दर हंगामात एका पेटीची किंमत बाजूला काढा. कारखानदारांनो, पुढच्या वर्षीच्या सामाजिक निधीत एक ओळ डोळ्यांच्या संशोधनासाठी लिहा. विद्यापीठ, रुग्णालये आणि न्यास यांनी एका टेबलाशी बसून या वर्षी पहिला विद्यार्थी निवडावा. नेत्रदानाचा अर्ज भरला नसेल तर तोही आज भरा. आणि घरी जाऊन बागेत, शेतात, मळणीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला एवढे सांगा: डोळ्याला काडी लागली तर मध, एरंडेल आणि दुकानातले थेंब बाजूला ठेवा, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.